आंब्याच्या पट्टीपासून दिवाळीच्या गाडीपर्यंत: कोकणातल्या कुटुंबाने प्रवासासाठी पैसे कसे साठवावेत

दर महिन्याच्या पगारातून ठरावीक रक्कम बाजूला टाकावी आणि वर्षअखेरीस सहलीला जावे, हा सल्ला चांगला असला तरी तो ज्यांना दरमहा पगार मिळतो त्यांच्यासाठी आहे. किनाऱ्यावरच्या बहुतेक घरांत पैसा असा हप्त्याहप्त्याने येत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओले काजूगर आणि मग काजू बी, एप्रिल-मेमध्ये आंबा, त्याच सुमारास रातांबे (कोकमाची फळे), ज्यांच्याकडे खोल्या आहेत त्यांना दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यातले पर्यटक, आणि मासेमारी करणाऱ्यांना बंदी उठल्यानंतरचे पहिले काही महिने, अशी ही आवक असते. उरलेले महिने खर्चाचे. म्हणून आपल्याकडे बचतीचे वेळापत्रक कॅलेंडरच्या महिन्यांवर न बसवता आवकीच्या हंगामांवर बसवावे लागते, आणि कोणत्या हंगामातला कोणता पैसा प्रवासाचा, हे तो हातात येण्याच्या आधी ठरवावे लागते.

पहिले काम म्हणजे कुठे जायचे आणि केव्हा जायचे हे ठरवणे. यात ‘केव्हा’ला जास्त महत्त्व आहे. बागायतदाराला मोहोर आल्यापासून आंबा उतरेपर्यंत घर सोडता येत नाही. त्याला खरी सवड भातकापणी उरकल्यावर, म्हणजे दिवाळीच्या सुमारास मिळते आणि मुलांनाही तेव्हा सुटी असते. होमस्टे चालवणाऱ्यांचे नेमके उलटे असते, कारण दिवाळीत त्यांच्या खोल्या भरलेल्या असतात. राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंदी असते आणि शाळा जूनच्या मध्याला उघडतात. त्यामुळे ज्यांच्या घरी खलाशी किंवा नौकेचे मालक आहेत त्यांच्यासाठी जूनचे पहिले दोन आठवडे हीच काय ती फट. खोल्या देणाऱ्यांनाही तीच सोयीची. या दिवसांत आपल्याकडे पाऊस सुरू होत असल्याने उत्तरेकडचे डोंगर किंवा सह्याद्रीपलीकडचा कोरडा मुलूख निवडावा.

आमच्या घरी मागच्या खेपेला जयपूर ठरले. घर पूर्णगडच्या खाडीजवळ असल्याने समुद्र, नारळ आणि होडी पाहण्यासाठी पैसे मोडून केरळला जाण्याची कल्पना मुलांनी एका वाक्यात निकालात काढली. त्यांना वाळू पाहायची होती, तीही समुद्राशिवायची.

ठिकाण ठरल्यावर खर्चाचा अंदाज वहीत लिहून काढावा. रेल्वेचे भाडे, राहणे, जेवण, स्थानिक रिक्षा किंवा गाडी, किल्ले आणि संग्रहालयांची तिकिटे, खरेदी, आणि या सगळ्याच्या बेरजेवर एक दशांश रक्कम अडीअडचणीसाठी. पाच माणसांसाठी आमचा आकडा साठ हजारांवर गेला. तो एकदम पाहिला तेव्हा आईने चष्मा काढून बाजूला ठेवला. परंतु तोच आकडा हंगामांत वाटल्यावर त्याची धास्ती बरीच कमी झाली: कॅनिंगच्या (डबाबंद रसाच्या कारखान्यांना जाणाऱ्या) आंब्याचे २२ हजार, काजूतून ८ हजार, आमसुले आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) विकून ६ हजार, आईच्या नारळांचे महिन्याला ५०० प्रमाणे ६ हजार, आणि घरात जो एक छोटासा पगार येतो त्यातून दरमहा १,५०० प्रमाणे १८ हजार.

यातला कॅनिंगचा पैसा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. पेटीचा आंबा वाशीला जातो, दलालाची पट्टी (विक्रीचा हिशेब आणि त्याची रक्कम) येते, आणि त्या पैशाला आधीच शंभर वाटा असतात: फवारणीच्या औषधांची उधारी, गड्यांची मजुरी, खते, सोसायटीचे कर्ज. त्याला प्रवासासाठी हात लावू नये. मेच्या अखेरीस मात्र, आकाश दक्षिणेकडून काळे होऊ लागले की उरलासुरला, डागी, लहान आंबा क्रेटमध्ये भरून किलोवर कॅनिंगला घातला जातो. टेम्पो अंगणापर्यंत येतो, काट्यावर क्रेट चढतात, माणूस घाईघाईने नोटा मोजतो आणि पुढच्या वाडीला निघतो. चिकाचा वास लागलेल्या त्या नोटा कुठे जातात हे जूनच्या अखेरीस घरात कुणालाच सांगता येत नाही. ताडपत्री, मुलांच्या वह्या, एखादा लग्नाचा आहेर यांत त्या विरून जातात. म्हणून आमच्याकडे नियम असा आहे की कॅनिंगचा पैसा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो वेगळ्या खात्यात भरायचा. ज्यांची बाग नाही त्यांनीही आपल्या धंद्यातला असा ‘कॅनिंगचा पैसा’ शोधावा, म्हणजे जो मुख्य आवकीच्या मागून येतो, ज्याच्यावर कुणाची उधारी नसते आणि जो नकळत संपतो. खोल्या देणाऱ्यांसाठी तो बहुधा जेवणाच्या थाळ्यांचा असतो किंवा पाहुणे निघताना घेऊन जातात त्या कोकम सरबताच्या बाटल्यांचा. रापणीच्या (किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायच्या जाळ्याच्या) वाटणीवर चालणाऱ्या घरात घरच्या बायका जे सुके मासे विकतात त्यांचा.

खाते वेगळेच असावे, याविषयी आम्ही आता हट्टी झालो आहोत. एका वर्षी हा पैसा घरखर्चाच्याच खात्यात राहिला. मग गणपती आले, मुंबईहून अकरा माणसे आली, भजनी मंडळींचे चहापाणी, मखर, नवे पडदे, परतताना प्रत्येकाच्या पिशवीत काहीतरी, आणि विसर्जनानंतर खात्यात ठणठणाट. चाकरमान्यांवर याचा दोष नाही. गणपतीचा खर्च कोकणी माणूस कधीच मोजून करत नाही आणि करूही नये असे आमचे मत आहे. पण त्यासाठीच गणपतीचा डबा निराळा आणि प्रवासाचे खाते निराळे असायला हवे. त्या खात्याचे कार्ड पाकिटात ठेवू नये आणि त्याला मोबाइलवरचे पैसे पाठवण्याचे अॅप जोडू नये.

आता पैसे ठेवायचे कुठे. मेअखेर मिळालेली रक्कम सप्टेंबरमध्ये तिकिटांसाठी लागते, त्यामुळे ती साध्या बचत खात्यात किंवा तीन महिन्यांच्या मुदत ठेवीत ठेवली तरी पुरे; व्याजातला फरक इतका थोडा असतो की त्यासाठी डोकेफोड करण्यात अर्थ नाही. दरमहाच्या रकमेसाठी बँकेची आवर्त ठेव उत्तम. ती दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात बारा महिन्यांसाठी सुरू केली तर पुढच्या दिवाळीपूर्वी हातात येते. दिवाळीनंतर सुरू केली तर प्रवास होऊन गेल्यावर मुदत संपते, ही चूक अनेक जण करतात. पोस्टाची आवर्त ठेव दरमहा अवघ्या १०० रुपयांपासून उघडता येते, परंतु ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही. त्यामुळे वार्षिक सहलीसाठी ती उपयोगाची नाही. अंदमान किंवा काश्मीरसारखा एखादा मोठा बेत असेल तर मात्र तिच्यासारखी शिस्त दुसरी नाही.

जास्त व्याजाच्या मोहाने पतसंस्थेत पैसे ठेवणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की बँकेतल्या ठेवींना प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण असते आणि पतसंस्थांतल्या ठेवींना ते नसते. भिशीचेही तसेच आहे. माणसे ओळखीची असतात, गप्पाटप्पा होतात, ठरलेला हप्ता चुकवायची लाज वाटते, हे सगळे गुण मान्य. पण एका भिशीत आमचा नंबर सातवा होता आणि सहाव्या महिन्यानंतर दोघांनी हप्ते थांबवले. ज्यांचा नंबर आधी लागला ते खूश होते. भिशी घालायचीच असेल तर ती बॅगा, गरम कपडे अशा खरेदीपुरती घालावी, तिकिटांचा पैसा तिच्यात अडकवू नये. महिला बचत गटाचे हिशेब लिखित आणि बँकेतून होत असल्याने तो मार्ग त्यापेक्षा बरा.

रोजच्या खर्चातली काटकसर हा या विषयातला सर्वांत कंटाळवाणा भाग आहे आणि त्यातून मिळते तेही थोडेच. चहा सोडून कुणी जयपूरला गेलेले आम्ही पाहिलेले नाही. तरीही दोन गोष्टींचा फायदा प्रत्यक्ष दिसला. एक, रत्नागिरीला जाणाऱ्या दुचाकीच्या फेऱ्या. दाराला यादी चिकटवून ठेवली आणि बँक, औषधे, बी-बियाणे, मुलांची पुस्तके अशी सगळी कामे आठवड्याच्या एका फेरीत बसवली, तेव्हा पेट्रोलचा खर्च डोळ्यांत भरण्याइतका उतरला. दुसरी, पावसाळ्याची बेगमी. सुकी मासळी, कडधान्ये, मसाला, फणसाची सांडगी-पापडे ही मेमध्येच भरून ठेवली की जुलैत भाज्या महागल्यावर बाजारावर अवलंबून राहावे लागत नाही. वाचलेली रक्कम मात्र त्याच आठवड्यात खात्यात टाकावी. नाहीतर ती वाचली असे फक्त वाटते.

तिकिटांच्या बाबतीत कोकणातल्या माणसाची एक खास अडचण आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. गणेश चतुर्थीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण ५५ दिवसांचे अंतर असते, म्हणजे भाऊबीज उरकून दुसऱ्या दिवशी निघायचे असेल तर आरक्षण नेमके चतुर्थीच्या आगेमागे उघडते. घरात मूर्ती आणायची गडबड, हातात पातोळ्यांचे पीठ, आणि सकाळी आठ वाजता मोबाइल घेऊन बसायचे. हे काम घरातल्या एका माणसाकडे आधीच सोपवावे, प्रवाशांची नावे आणि वये अॅपमध्ये भरून ठेवावीत, आणि पैसे त्या दिवशी खात्यात तयार असावेत. तिकिटे त्या सकाळी हुकली की पुढे तत्काळचे जादा भाडे भरावे लागते किंवा खासगी गाडी करावी लागते, आणि वर्षभराच्या पेट्रोलच्या फेऱ्यांत वाचवले ते एका दिवसात जाते. राजस्थानला जाणाऱ्यांसाठी एर्नाकुलम–अजमेर मरुसागर एक्सप्रेस ही आपल्या मार्गावरून थेट जाणारी गाडी आहे, पण ती आठवड्यातून एकदाच असल्याने सुटीची आखणी तिच्या वारावर करावी लागते. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरपर्यंत चालते. दिवाळी लवकर असेल त्या वर्षी गाडीची वेळ पुन्हा तपासावी.

मुलांच्या वयाकडेही पाहावे. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वयाच्या मुलाला स्वतंत्र बर्थ न घेतल्यास अर्धे भाडे पडते आणि बर्थ घेतल्यास पूर्ण. रात्रभराच्या प्रवासात अर्ध्या भाड्याचा मोह टाळावा, असे अनुभवाने सांगतो. नऊ वर्षांच्या मुलाबरोबर एका बर्थवर काढलेली रात्र पुढचा दिवस खाते. ज्येष्ठांची रेल्वेतली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. एसटीत मात्र राज्याच्या हद्दीत महिलांना अर्धे तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे आणि ७५ पुढच्यांना प्रवास मोफत आहे.

या एसटीच्या सवलतींचा खरा उपयोग वाईट वर्षी होतो, आणि वाईट वर्ष येतेच. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेले तेव्हा उतरायचा आंबा एका रात्रीत झाडाखाली पडला; कॅनिंगच्या टेम्पोची वाट पाहण्यासारखे काही उरले नाही. अशा वर्षी कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डावर प्रवास करू नये. साठलेली रक्कम तशीच ठेवून बेत पुढच्या वर्षावर ढकलावा आणि मुलांसाठी आंबा घाटातून कोल्हापूर-पन्हाळ्याची दोन-तीन दिवसांची फेरी करावी. आजारपण आणि घरदुरुस्ती यांसाठीची शिल्लक मुळातच वेगळी असावी, नाहीतर दर वेळी बळी प्रवासाच्या खात्याचाच जातो.

निघताना घरातून तीन वेळांचे जेवण बांधून न्यावे: भाकरी, सुकी चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या. परत आल्यावर आठवड्याच्या आत तीच वही उघडून प्रत्येक अंदाजासमोर प्रत्यक्ष खर्च लिहावा, कारण पुढच्या वर्षीचा आकडा त्यातूनच निघतो. आमचा राहण्याचा आणि गाडीभाड्याचा अंदाज जवळजवळ बरोबर आला. खरेदीत दोन हजार उरले. चुकला तो चहापाणी आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांचा, तोही दुपटीने. उरलेल्या दोन हजारांतून आईने मुलांसाठी पाण्याच्या दोन मोठ्या स्टीलच्या बाटल्या घेतल्या आणि बाकीचे खात्यात परत भरले.