सहयोगी संशोधन केंद्र : इमारतीआधी काय ठरवायचे?

संशोधक आणि त्यांची माहिती वापरणारे लोक मिळून चालवतात अशा केंद्राचा आराखडा बहुधा जागा, फर्निचर आणि वेबसाइट यांपासून सुरू होतो. तो उलट्या टोकाने सुरू करावा : कोणाचा कोणता निर्णय माहितीअभावी अडतो आहे? उदाहरणासाठी एका नदीखोऱ्यातले भूजल घेऊ. इथले भागीदार म्हणजे शेतकरी, विहिरी खोदणारे, पाणीपुरवठा पाहणारे अधिकारी आणि संशोधक.

प्रत्येक गटातल्या चार-पाच जणांना वेगवेगळे भेटा. ‘तुम्हाला कोणती माहिती हवी?’ हा प्रश्न टाळा, कारण त्यावर ‘सगळीच’ एवढेच उत्तर मिळते. ‘गेल्या वर्षी कोणता निर्णय अंदाजाने घ्यावा लागला?’ असे विचारा. उत्तरे पाच रकान्यांत मांडा : निर्णय, तो कोण घेतो, कोणत्या महिन्यात घेतो, त्याला काय कळायला हवे आणि ते आज कोणाकडे आहे. निर्णय एकाचा आणि माहिती दुसऱ्याकडे असेल, तर ती पोचवणे हे केंद्राचे काम. माहिती कोणाकडेच नसेल, तर तो संशोधनाचा विषय. पहिल्या वर्षासाठी तीनच प्रश्न निवडा. महिन्याचा रकाना क्षुल्लक वाटतो, पण पेरणीनंतर आलेला अहवाल कितीही चांगला असला तरी त्या हंगामापुरता वाया गेलेला असतो.

यानंतर देवाणघेवाणीचा तक्ता करा. कोण काय देणार आणि काय घेणार हे सगळेच लिहितात. ‘कशाची भीती वाटते’ हा रकाना मात्र राहून जातो आणि पुढे केंद्र अडते ते नेमके तिथेच. आपले आकडे पाहून पाणीकपात होईल, असे शेतकऱ्याला वाटते. खोदकाम करणाऱ्याला स्पर्धकाची धास्ती असते. दुसरा कोणी आधी शोधनिबंध छापेल, ही चिंता संशोधकाला असते. प्रत्येक भीतीसमोर एक नियम लिहा. संशोधकाला सहा ते बारा महिन्यांची राखीव मुदत द्या, म्हणजे तोवर त्याची माहिती इतरांना खुली होणार नाही. विहिरीचे अक्षांश-रेखांश दोन दशांश स्थळांपर्यंतच दाखवा, म्हणजे जागा साधारण किलोमीटरभर धूसर होते. पाचांपेक्षा कमी विहिरींची सरासरी जाहीर करू नका, कारण वस्तीत एकच विहीर असेल तर तिथली ‘सरासरी’ म्हणजे मालकाचे नाव सांगण्यासारखेच.

नियम आधी ठरवण्याचे एक उदाहरण पाहा. माणसाचा संपूर्ण डीएनए वाचणाऱ्या मानवी जनुकसंचाच्या प्रकल्पातील प्रयोगशाळांनी १९९६ मध्ये बर्म्युडा बेटावरच्या बैठकीत ठरवले, की डीएनएच्या क्रमवारीचे मोठे तुकडे जुळले की २४ तासांत खुले करायचे. हे साधले, कारण नियम आधी ठरला होता आणि निधी देणाऱ्यांचाही त्याला पाठिंबा होता. त्यातला आधी ठरवण्याचा भाग जरूर उचलावा. २४ तासांची मुदत मात्र माणसांच्या उपजीविकेशी जोडलेल्या माहितीला जशीच्या तशी लावू नये.

करार लांबलचक नको, पण चार गोष्टी त्यात हव्यातच : आधीपासून ज्याचे आहे ते त्याचेच राहील, एकत्र तयार झालेल्या माहितीचा परवाना कोणता, श्रेय कसे द्यायचे, आणि कोणी बाहेर पडल्यास त्याने दिलेल्या माहितीचे काय. अहवालांना क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचा तयार ‘सीसी बाय’ परवाना सोयीचा, म्हणजे नाव नमूद करून कोणीही वापरावे. ‘व्यावसायिक वापर नको’ ही अट सुरक्षित वाटते, पण ती छोट्या सल्लागारालाही दूर ठेवते आणि व्यावसायिक कशाला म्हणायचे यावर वाद लावते. मोजणी करणाऱ्यांची नावे श्रेयात असलीच पाहिजेत.

संशोधनाची माहिती कशी ठेवावी यासाठी २०१६ मध्ये मांडलेली ‘फेअर’ तत्त्वे (चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव) सांगतात, की माहिती सापडावी, मिळवता यावी, इतर माहितीशी जुळावी आणि पुन्हा वापरता यावी. ‘मिळवता यावी’ याचा अर्थ सर्वांना खुली असा लावला जातो, तो चूक आहे. कोणाला, कोणत्या अटीवर मिळेल हे स्पष्ट असणे पुरेसे आहे.

मोजमापाच्या व्याख्या पहिला आकडा येण्याआधी ठरवा. पाण्याची खोली जमिनीपासून मोजायची की विहिरीच्या कठड्यापासून? दोघांनी दोन पद्धती वापरल्या, तर कठड्याच्या उंचीइतका फरक पाणी उतरल्यासारखा दिसेल. कोरड्या विहिरीसाठी शून्य लिहू नका. खोलीच्या रकान्यात शून्य म्हणजे पाणी काठोकाठ. ‘कोरडी’ आणि ‘मोजली नाही’ यांना वेगळ्या खुणा ठेवा. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा. फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणाऱ्या साध्या मजकुराच्या) स्वरूपात आणि यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात जतन करा, नाहीतर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. फाइलच्या तीन प्रती ठेवा, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. माहितीचे पूर्ण झालेले संच झेनोडोसारख्या ऑनलाइन भांडारात ठेवले की डीओआय, म्हणजे संच शोधण्याचा आणि संदर्भ देण्याचा कायमचा क्रमांक, मोफत मिळतो.

पैशाची वाटणी करताना किमान निम्मा भाग पगारांसाठी ठेवा. समन्वयक, माहिती व्यवस्थापक आणि गावोगावी फिरणारा दुवा ही तीन माणसे पूर्णवेळ हवीत. पैसे कमी पडले की आधी हा फिरणारा माणूस कापला जातो. त्याच्याविना माहिती येणे थांबते, पण हे कार्यालयात कळायला काही महिने लागतात. संशोधक बैठकीला येतो तो पगारावर; शेतकऱ्याचा दिवस बुडतो. त्याला प्रवासखर्च आणि दिवसाचा मोबदला द्या, आणि ही रक्कम अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीवर दाखवा. कार्यकारी मंडळ सात ते नऊ जणांचे असावे. एकाच गटाचे बहुमत नको. अध्यक्षपद दरवर्षी फिरते ठेवा.

जागेबद्दल थोडकेच : १९७०च्या दशकात अमेरिकेतील एमआयटीचे संशोधक टॉमस ॲलन यांनी दाखवले, की टेबलांमधले अंतर वाढते तसे अभियंत्यांचे आपसातले बोलणे झपाट्याने घटते. म्हणून दोन मजल्यांपेक्षा एक सामाईक खोली बरी.

यश डाउनलोडच्या संख्येवर मोजू नका. सुरुवातीच्या तक्त्यातले किती निर्णय आता आकडे पाहून घेतले जातात, हे दर सहा महिन्यांनी संबंधितांनाच विचारा. एखाद्या प्रश्नावर दोन फेऱ्यांत काहीच हलले नसेल, तर तो सोडून पुढचा घ्या. निधी संपल्यास माहिती कोणत्या संस्थेकडे जाईल आणि तिथे ती सांभाळण्याचा किमान पाच वर्षांचा खर्च कोण देईल, हेही पहिल्याच करारात लिहून त्यावर सर्वांच्या सह्या घ्या.