ऊसपट्ट्यात म्हैस नैसर्गिक पद्धतीनं कशी पाळावी

कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढून दिलेलं दूध लोक उभ्या उभ्या पितात. त्या दुधाची चव गव्हाणीत ठरते, म्हणून म्हैस घ्यायच्या आधी वैरणीचा हिशेब करा.

एका म्हशीला दिवसाला साधारण 20-25 किलो हिरवी आणि 5-6 किलो वाळली वैरण लागते. जेवढी वैरण घरच्या रानात निघेल, तेवढ्याच म्हशी ठेवा. पंढरपुरी जात आपल्या हवेला सरावलेली आहे. पाठीवर मागे गेलेल्या तलवारीसारख्या लांब शिंगांवरून ती लगेच ओळखू येते. मुऱ्हा दूध जास्त देते, पण तिचा खुराकही मोठा. घरच्या वैरणीवर भागवायचं असेल तर माझं मत पंढरपुरीलाच.

आता वाड्याचं, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचं. ऊसतोड सुरू झाली की वाडं स्वस्तात मिळतं आणि गव्हाणीत दुसरं काही दिसेनासं होतं. आमची एक म्हैस अशीच दोन महिने नुसत्या वाड्यावर होती. व्यायल्यावर दुसऱ्या दिवशी ती उठेचना. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं तेव्हा कुठं उभी राहिली. वाड्यात ऑक्झलेट असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. मग म्हैस स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम दुधात उतरवत राहते. म्हणून वाडं निम्म्याच्या वर घालू नका. कळीचा चुना रात्रभर पाण्यात ठेवून वरची निवळी घ्या, ती वाड्याच्या कुट्टीवर शिंपडून मुरू द्या. जोडीला शाळूचा कडबा, मका आणि लसूणघास हवाच. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असतं. रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण चुकवू नका.

गोठा शक्यतो मुक्त ठेवा. म्हशीमागे 40 चौरस फूट छपराखाली आणि 80 चौरस फूट मोकळी जागा, भोवती कुंपण, मधोमध पाण्याची टाकी. सुट्टी म्हैस तहान लागेल तेव्हा पाणी पिते, सावलीला बसते, माजावर आलेलीही लवकर कळते. म्हशीचा माज मुका, दावणीला तो सहज हुकतो. राधानगरी, गगनबावड्याकडं पाऊस फार, तिथं मुरूम टाकून जागा उंच करा, नाहीतर चिखलानं खुरं सडतात आणि कास सुजते. म्हशीला घाम कमी येतो, कातडी काळी. उन्हाळ्यात तिला डुंबायला पाणी नाहीतर दुपारी दोनदा अंगावर पाण्याचा मारा लागतोच.

रेडकाला जन्मल्यावर तासाभरात चीक पाजा. रेडा झाला म्हणून त्याला उपाशी ठेवू नका, मला ते बघवत नाही. घटसर्पाची लस पावसाआधी, लाळ्या-खुरकूताची वर्षातून दोनदा. व्यायच्या आधी दोन महिने धार बंद.

उसाचं पाचट, म्हणजे वाळलेला पाला, पेटवू नका. तेच गोठ्यात अंथरा, मूत त्यात मुरतं. आठवड्यानं काढून खड्ड्यात टाका, शेण गोबरगॅसला घाला. चार-पाच महिन्यांनी ते खत आणि गॅसची मळी त्याच उसाला जाते, आणि पुढच्या तोडीला त्याच उसाचं वाडं पुन्हा गव्हाणीत येतं.