व्हॅनचे बुश वाजतात? ग्रीस घेण्याआधी हे वाचा

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांना टेकला की जुनी व्हॅन प्रत्येक गतिरोधकावर कर्रकर्र करू लागते. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की आवाज आपोआप जातो. मालक खूश होतो आणि दिवाळीनंतर पुन्हा तेच रडगाणं. हा आवाज बुशचा, म्हणजे गाडीखालच्या सांध्यांत बसवलेल्या रबरी कड्यांचा असतो, आणि ओलं रबर वाजत नाही, एवढाच त्याचा अर्थ. दोष जागच्या जागी असतो.

मारुती ओम्नी व्हॅनचं उत्पादन २०१९ साली थांबलं, तरी चोपडा-यावल-रावेरच्या रस्त्यांवर आजही ती धावतेच आहे. पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र), मागे पाटे (एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग), सगळीकडे रबरी बुश. मी इथे तीच डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, पण पाटे असलेल्या कुठल्याही जुन्या व्हॅनला हे लागू पडतं.

आधी आवाज कुठून येतो ते शोधा. बाटलीच्या झाकणाला भोक पाडा, साधं पाणी भरा. एकाला मागच्या बंपरवर उभं राहून गाडी दाबायला सांगा आणि तुम्ही एका वेळी एकाच बुशवर पाणी सोडा. ज्या बुशवर पाणी पडताच आवाज थांबला, तो चोर. एकदम सगळीकडे पाणी मारलंत तर काहीच कळणार नाही. खाली जायची वेळ आली तर नुसत्या जॅकच्या भरवशावर जाऊ नका, घोडी, म्हणजे गाडी पेलणारा पक्का लोखंडी आधार, लावा.

आता खरा प्रश्न, आणि मला सगळ्यात जास्त घोळवलं ते इथेच: कोणतं वंगण? गॅरेजमध्ये विचाराल तर दहापैकी नऊ जण जळकं ऑइल सोडतील नाहीतर एपी-३ ग्रीस थापतील. "आवाज बंद व्हयी गया, भाऊ," म्हणतील, आणि तो बंद झालेलाही असतो. पण इंजिन ऑइल, डिझेल, साधं ग्रीस, गंज सोडवायचे बहुतेक स्प्रे, हे सगळं खनिज तेलाच्या घराण्यातलं. नैसर्गिक रबर हे तेल पितं, भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखं फुगतं, मऊ पडतं आणि मग त्याचे लचके तुटतात. वर आपल्याकडची काळ्या मातीची धूळ त्या तेलावर बसते आणि बुशमधून जाणाऱ्या पिनला घासत राहते. म्हणून माझं मत ठाम आहे: रबराला खनिज तेल लावायचं नाही, एकदाही नाही. सर्व्हिसिंगला गाडी दिली की "खालून डिझेल मारू नका" हेही आधीच बजावून सांगा.

रबराला चालतं ते सिलिकॉन ग्रीस. ते रबरात मुरत नाही, उन्हात पातळ होऊन गळत नाही आणि पाण्याने सहज धुऊन जात नाही. दुकानात मात्र नुसतं 'सिलिकॉन द्या' म्हणू नका. हार्डवेअरवाला खिडक्यांच्या फटी बुजवायची ट्यूब काढून देईल, इलेक्ट्रॉनिक्सवाला उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट. दोन्ही इथे निरुपयोगी. ऑटो पार्टच्या दुकानात ब्रेक कॅलिपरच्या पिनला लावायचं सिलिकॉन ग्रीस मागा आणि ट्यूबवर 'रबरासाठी सुरक्षित' असं लिहिलंय ना ते वाचा. ते नसेल तर ब्रेकच्या रबरांसाठीचं लाल रबर ग्रीस घ्या, ते वनस्पती तेलापासून बनतं. अगदीच अडलं तर एरंडेलही नैसर्गिक रबराला मानवतं, पण पातळ असल्याने फार टिकत नाही. सिलिकॉन स्प्रे मी बुशला वापरत नाही. वरवर बसतो, आत पोचत नाही, आणि काहींत पेट्रोलियमचाच द्राव असतो.

पण सिलिकॉन हे रबराचं औषध आहे, लोखंडाचं नव्हे. पाट्यांच्या पानांमध्ये, म्हणजे एकेका पट्टीमध्ये, लोखंडावर लोखंड घासतं, तिथे ते दाबाखाली तग धरत नाही. तिथे ग्रॅफाइट ग्रीस लावा. गाडी चॅसिसवर उचलून चाकं लोंबकळू द्या, पानं थोडी सुटतात, मग पातळ पट्टीने आत सारा. पाट्याच्या दोन्ही टोकांच्या डोळ्यांत, म्हणजे गोल वळवलेल्या भोकांत, रबरी बुश आहेत, तिथपर्यंत ग्रीस जाऊ देऊ नका. ब्रेक ड्रमकडे तर थेंबही नको. ड्रमच्या आत घासणाऱ्या लायनरला ग्रीस लागलं तर कन्नड घाट उतरताना ब्रेकचा भरवसा राहणार नाही.

आणखी एक, जे फार कमी जण सांगतात. सगळे बुश वंगणासाठी नसतातच. लोअर आर्मचा, म्हणजे पुढच्या चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा बुश बघा: आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी कडं आणि मधलं रबर दोन्हींना कायमचं चिकटवलेलं. तिथे काहीच सरकत नाही, रबर फक्त पिळलं जातं. असा बुश वाजायला लागला म्हणजे बहुतेक वेळा रबर नळीपासून सुटलेलं असतं. टॉर्चने कडेला बघा, फट किंवा काळी भुकटी दिसेल. त्याला कोणतंही ग्रीस लावणं म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही वाया. बदला. वंगण फक्त तिथेच, जिथे रबर धातूवर सरकतं: स्टॅबिलायझर बारचे (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याचे) बुश आणि शॅकलमध्ये (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणाऱ्या झुलत्या कडीत) दोन बाजूंनी घालायचे सुटे बुश.

लावणं सोपं आहे. बुश काढा, साबणाच्या पाण्याने धुवा, सुकवा, पिनवरचा गंज पॉलिश पेपरने घासा, पातळ थर द्या, बसवा. बुशला चीर असेल तर नवीनच घाला.

नट मात्र गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नका. नुसते धरतील इतपत फिरवा, चाकं जमिनीवर टेकवा, गाडी दोन-तीनदा दाबून सैल करा आणि मग पक्के करा. लटकत्या अवस्थेत आवळलेला बुश गाडी खाली आली की कायम पिळलेला राहतो आणि नवा असूनही लवकर फाटतो. आठवडाभर चालवून झाली की तेच नट एकदा पान्याने तपासा.