अनुराधपुराला जायचं तर पोयालाच जा

पोया म्हणजे पौर्णिमा. श्रीलंकेत दर पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते, दारूची दुकानं बंद असतात आणि अनुराधपुर या प्राचीन बौद्ध तीर्थाला जाणाऱ्या गाड्या पांढऱ्या कपड्यातल्या माणसांनी भरून जातात. गर्दी नको म्हणून आपली मंडळी नेमका तो दिवस टाळतात. टाळू नका. राहायची सोय मात्र आधी करा, जूनच्या पोसोन पोयाला तर बरीच आधी, कारण सम्राट अशोकाचे पुत्र महिंद थेर धम्म घेऊन जवळच्याच मिहिंतलेला आले तो हा दिवस.

पांढरेच कपडे घाला, खांदे आणि गुडघे झाकणारे. आपण विहारात वंदनेला नेसतो ती साडी तिथे अगदी चालते. मी आईची नेसले होते. चपला-टोपी बाहेर काढावी लागते आणि दुपारी फरशी इतकी तापते की पाय टेकवत नाही. पहाटे जा, नाहीतर जाड मोजे घाला.

फुलं बाहेरच मिळतात: कमळं, निळी मानेल (पाणकमळं), चाफा. यात घाई करू नका. कमळाच्या पाकळ्या एकेक करून बाहेर दुमडायच्या, वर पाणी शिंपडायचं. फुलांचा वास घ्यायचा नाही, तो आधी बुद्धाला. माझ्या पाकळ्या फाटत होत्या. शेजारच्या आजींनी न बोलता फूल माझ्या हातातून घेतलं, अंगठ्याने पाकळी कशी वळवायची ते दाखवलं आणि परत दिलं. मग त्यांचं फुलांचं ताट आलं तेव्हा घरातल्या सगळ्यांनी त्याला हात लावला, अगदी कडेवरच्या बाळाचाही लावला, म्हणजे पुण्य सगळ्यांचं. त्यांनी ताट माझ्याकडेही सरकवलं. असं ताट पुढे आलं तर हात लावा, संकोच करू नका.

आधी जय श्री महाबोधी. महिंदांच्या भगिनी संघमित्रा थेरींनी बोधगयेहून आणलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचा हा वृक्ष सर्वांत वरच्या ओट्यावर आहे, सोनेरी टेकूंवर रेललेला. खालून नीट दिसत नाही, भोवतालचे पिंपळच आधी दिसतात. वर पाहत थोडं थांबा. पान तोडायचं नाही. आपोआप पडलेलं मिळालं तर लोक कपाळाला लावून पुस्तकात ठेवतात. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष याच अनुराधपुराहून भदन्त आनंद कौसल्यायन यांनी आणलेल्या फांद्यांचा. मी लहानपणापासून ज्याच्या सावलीत बसले, त्याचं मूळ समोर उभं होतं.

तिथून चालत रुवनवेलीसायला जा. दुट्ठगामणी राजाने बांधलेला हा पांढरा स्तूप, भोवती हत्तींची भिंत. उजव्या हाताला स्तूप ठेवून तीन प्रदक्षिणा घालायच्या. नशीब असेल तर लांबच लांब चीवर, म्हणजे भिक्खूंचं वस्त्र, डोक्यावर धरून निघालेली माणसांची रांग दिसेल. ते स्तूपाला गुंडाळतात.

आता माझं खरं सांगणं. आपल्याला पाली वंदना येत असेल तर तिथे प्रेक्षक म्हणून उभे राहू नका. खाली बसा, हात जोडा, म्हणा. 'नमो तस्स' तेच, त्रिशरण तेच, 'वण्णगन्धगुणोपेतं' ही फुलांची गाथाही तीच. चाल मात्र वेगळी आहे आणि वेगही, म्हणून पहिल्यांदा मी मागे पडले. दोन ओळी नुसतं ऐकून घेतल्यावर सूर सापडला. शेवटी सगळे 'साधु साधु साधु' म्हणाले तेव्हा आजींनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि हसल्या. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना.

झाडाखाली चटईवर दिवसभर बसलेली माणसं सिल घेतलेली असतात, म्हणजे अष्टशील, पाळायचे आठ नियम. त्यांचे फोटो मागू नका. सिल तुम्हीही घेऊ शकता. सकाळी भंतेंकडून, म्हणजे भिक्खूंकडून, शील घ्यायचं, बारानंतर जेवण नाही, चहा बिनदुधाचा. भंतेंना काही द्यायचं तर दोन्ही हातांनी, आणि बाईने वस्तू त्यांच्या हाताला हात न लागेल अशी द्यावी. मूर्तीकडे पाठ करून फोटो अजिबात काढू नका, अंगावर बुद्धाचं गोंदण असेल तर झाकून जा.

निघताना आजींना मी 'तेरुवन सरणई' म्हटलं, बसमध्ये शिकले होते. तेरुवन म्हणजे त्रिरत्न. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि उरलेलं एक मानेल माझ्या पिशवीत घातलं.