आरोग्य विज्ञानाचा वर्ग: या चुका टाळा

जर्नल तपासताना एक आकडा दिसला की मी पेन खाली ठेवते: ११७/७३. आकड्यात वाईट काही नाही. निरोगी माणसाचा रक्तदाब इतका असू शकतो. पण आमच्याकडे बीपी मोजायची काट्याची यंत्रं आहेत आणि त्यांच्या तबकडीवरची प्रत्येक बारीक रेघ पाऱ्याच्या २ मिलिमीटरची असते (रक्तदाब याच मापात मोजतात). म्हणजे ११६ येईल, ११८ येईल, ११७ यायचं काही कारण नाही. नाडीचंही तेच. ३० सेकंद मोजून दुप्पट केली तर उत्तर सम येणार. नाडी ७३ लिहिणाऱ्यानं एक तर पूर्ण मिनिट मोजलेलं असतं किंवा मुळीच मोजलेलं नसतं. पूर्ण मिनिट मोजणारे वर्गात किती निघतात, ते मला चांगलं ठाऊक आहे.

हायस्कूलमध्ये हा विषय घेतलेल्या मुलांची सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती आळसातून कमी, सवयीतून जास्त होते. इतर विषयांत रिकामी जागा सोडली की गुण जातात, म्हणून काहीतरी लिहून मोकळं व्हायची सवय लागलेली असते. इथे उलटं आहे. ‘आवाज नीट ऐकू आला नाही, पुन्हा मोजायचं आहे’ हे वाक्य जर्नलमध्ये चालतं. रुग्णालयात अशाच आकड्यावरून औषधाचा डोस कमी-जास्त होतो, आणि तिथे मनानं लिहिलेला आकडा खऱ्या आकड्यासारखाच दिसतो.

‘मॅडम, आवाजच येत नाही’

दर वर्षी पहिल्या दोन प्रात्यक्षिकांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकते की आता उत्तर देण्याआधी समोरच्याचे कान बघते. स्टेथोस्कोपची कानात घालायची टोकं पुढच्या बाजूला, म्हणजे स्वतःच्या नाकाकडे झुकलेली हवीत. अर्ध्या मुलांनी ती उलटी घातलेली असतात. ते ठीक असेल तर छातीवर ठेवायच्या चकतीवर हळूच टिचकी मारा. टिचकी ऐकू आली नाही तर दोन्ही बाजूंनी चालणारी ती चकती दुसऱ्या बाजूवर फिरलेली आहे. दांड्यावर थोडी फिरवली की ‘टक्’ करून बसते.

एवढं करूनही शांतताच असेल तर जागा चुकली. धमनी कोपराच्या खळग्यात बरोबर मध्ये नसते, ती आतल्या बाजूला, म्हणजे करंगळीच्या अंगाला असते. आधी बोटांनी ठोका शोधा, मगच चकती ठेवा. बाहीवरून ऐकायचा प्रयत्न करू नका, नुसती खरखर ऐकू येते. दंडाला बांधलेल्या पट्ट्यातली हवा सोडताना काटा सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर उतरला पाहिजे. घाईत झडप पूर्ण उघडली तर पहिला ठोका कानावर पडेपर्यंत काटा कितीतरी खाली गेलेला असतो. आणि ‘थांब, परत थोडी भरतो’ म्हणून मध्येच हवा भरायची नाही. पट्टा पूर्ण रिकामा करा, एक-दोन मिनिटं जाऊ द्या, मग नव्यानं सुरुवात करा.

हवा भरायची कुठपर्यंत? अंदाजानं २०० पर्यंत फुगवून जोडीदाराचा हात दुखवण्याची गरज नाही. मनगटावर नाडी धरून पट्टा फुगवा. नाडी लागेनाशी होते तो आकडा लक्षात ठेवा आणि त्याच्या २० ते ३० वर थांबा.

आवाज आला पण आकडा भलताच मोठा निघाला, तर यंत्राला दोष देण्याआधी माणसाकडे बघा. पायावर पाय टाकलाय का? हात खाली लोंबतोय का? हात हृदयाच्या पातळीला, पाठ टेकलेली, पाऊल जमिनीवर आणि तोंड बंद हवं. शेवटची अट सगळ्यात अवघड, कारण जोडीदार बहुधा मित्रच असतो. पट्टा दंडाच्या मानानं लहान असला तरी रक्तदाब खोटा जास्त दिसतो. आणि खेळाच्या मैदानावरून धावत आलेल्याला निदान अर्धा तास मोजू नका.

नाडी आणि श्वास

नाडी अंगठ्यानं मोजायची नाही, कारण अंगठ्यात स्वतःचा ठोका जाणवतो आणि तुम्ही तुमचीच नाडी मोजत बसता. तर्जनी आणि मधलं बोट वापरा. १५ सेकंद मोजून चौपट करणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की एक ठोका चुकला तर उत्तरात ४ चा फरक पडतो. ठोके अनियमित वाटले तर पूर्ण मिनिट मोजण्याला पर्याय नाही.

श्वास मोजताना ‘आता तुझा श्वास मोजतो हं’ असं सांगितलं की संपलं. समोरचा लगेच लांब, देखणे श्वास घ्यायला लागतो. नाडी मोजून झाल्यावर बोटं मनगटावर तशीच ठेवा आणि नजर छातीकडे न्या. छाती एकदा वर आणि एकदा खाली, असा मिळून एक श्वास. मोठ्या माणसाचे विश्रांतीतले श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतात. एका मुलानं शांत बसलेल्या मैत्रिणीचे ३२ लिहिले होते. चढ आणि उतार वेगवेगळे मोजलेले, बाकी मोजणी अगदी चोख.

हात

हात धुण्याच्या धड्यात कुणालाच रस नसतो, कारण ते लहानपणापासून येतं अशी सगळ्यांची समजूत असते. त्यावर मी एकच गोष्ट करते. अतिनील प्रकाशात चमकणारं जेल हाताला लावायचं, नेहमीसारखं धुवायचं आणि मग दिव्याखाली हात धरायचा. अंगठा, नखांच्या कडा आणि बोटांच्या बेचक्या लखलखत असतात. अंगठ्याला तर धुताना कुणी विचारतच नाही. साबण-पाण्यानं हात धुण्याची पूर्ण क्रिया ४० ते ६० सेकंदांची आहे. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं घटले, तरी सहकाऱ्यांपैकी अनेकांना ते पटलं नाही. तेव्हा कंटाळा जुनाच आहे.

हातमोजे घातले की हात धुवायला नकोत, हा दुसरा गैरसमज. मोजे काढल्यावरही हात धुवायचेच. आणि मोजे घालून मोबाइल, दाराची कडी, पेन असं सगळं हाताळलं तर ते मोजे घाण पसरवायचं साधन होतात.

शब्द पाठ करताना

वैद्यकीय संज्ञा अख्ख्या पाठ करू नका, तोडून पाठ करा. ‘हायपो’ म्हणजे कमी, ‘हायपर’ म्हणजे जास्त. ऐकताना फरक एका अक्षराचा, पण रक्तातली साखर कमी झालेल्याला आणि वाढलेल्याला मिळणारे उपचार एकमेकांच्या उलट. ‘एक्टॉमी’ म्हणजे काढून टाकणं आणि ‘ऑस्टॉमी’ म्हणजे तोंड तयार करणं. म्हणून कोलेक्टॉमीत मोठं आतडं काढतात, तर कोलोस्टॉमीत त्याचं तोंड पोटावर आणतात. ‘इलियम’ जरा जास्त जपून. लहान आतड्याचा शेवटचा भागही इलियम आणि कमरेचं हाडही इलियम. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक आहे, देवनागरीत तोही नाही. तेव्हा मराठीत टिपणं काढणाऱ्यांनी शेजारी ‘आतडं’ किंवा ‘हाड’ लिहून ठेवावं.

आकृतीतली डावी-उजवी बाजू रुग्णाची असते, बघणाऱ्याची नाही. परीक्षेत हे हमखास चुकतं.

‘नाव तर नाही सांगितलं!’

रुग्णालयात निरीक्षणाला नेल्यावर मुलं परततात ती गोष्टींनी भरलेली, आणि ते समजण्यासारखं आहे. पण नाव गाळलं म्हणजे माणूस ओळखू येत नाही, असं नाही. वय, वार, वॉर्ड आणि एखादा विरळा आजार एवढं पुरतं. फोटोच्या कोपऱ्यात आलेला खाटेचा क्रमांकही पुरतो. त्यामुळे फोटो नाहीत, आणि घरीही ‘आज एक आजी होत्या’ अशी सुरुवात नको.

हा नियम वर्गातल्या जोडीदारालाही लागू आहे, आणि मुलं इथेच घसरतात. मैत्रिणीचा रक्तदाब १४२ आला तर तो मोठ्यानं ओरडून सांगायचा नसतो आणि ‘तुला बीपी आहे’ असं निदानही करायचं नसतं. एका मोजणीवरून ते ठरत नाही. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजा, तरी तेवढाच आला तर शिक्षकांना हळूच सांगा. आणि हात लावण्याआधी विचारा. जोडीदाराला ‘आज नको’ म्हणायचा पूर्ण अधिकार आहे.

स्वतःवर निदान करणाऱ्यांसाठी: प्रत्येक धड्यानंतर तो आजार आपल्यालाच झालाय असं वाटणं नेहमीचं आहे. पुढचा धडा आला की बहुधा बरं वाटतं.

राहिलेलं

प्रात्यक्षिकाला दांडी मारून मित्राचं जर्नल उतरवलं तर शब्द मिळतात, हात मिळत नाहीत. सीपीआरचं, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबत राहण्याचं, तर विशेष. मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण पुतळ्यावर दोन मिनिटं सलग करताना कोपरं वाकतात, आणि दोन दाबांच्या मध्ये छाती पूर्ण वर येऊ द्यायची असते हे विसरून मुलं तिच्यावर रेलून राहतात. लांब केस बांधा, नखं कापा, अंगठ्या घरी ठेवा.

डोस लिहिताना ‘.५’ नको, ‘०.५’ लिहा, कारण टिंब दिसलं नाही तर पाच वाचलं जातं. ‘५.०’ ही नको, नुसतं ‘५’ लिहा, नाहीतर पन्नास होतात. आणि आकडा चुकलाच तर तो गिरवून, खोडून काळा करायचा नाही. एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी, शेजारी बरोबर आकडा, तारीख आणि तुमची छोटी सही. व्हाइटनर दप्तरातून बाहेर काढायचा नाही.