गोळ्या अजून किती वर्षं? डॉक्टरांना हे विचारायचं कसं

वर्षानुवर्षं मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत, बरं वाटतंय, मग डोक्यात येतंच की आता ह्या कशाला. विचारायचा पूर्ण हक्क आहे तुम्हाला. फक्त गुपचूप बंद करून बघू नका. लिथियम (मूड स्थिर ठेवणारी गोळी) एकदम सोडलं तर मेनिया (झोप कमी, अतिउत्साह, बेफाम वागणं) उसळू शकतो, क्लोनाझेपाम (घबराट किंवा झोपेसाठी देतात ती) बरेच दिवस घेऊन अचानक तोडलं तर फिट येऊ शकते, आणि पॅरॉक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन (ह्या डिप्रेशनच्या गोळ्या) सुटलं की दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके सुरू होऊ शकतात आणि घरचे म्हणतात बघ, आजार परत आला. तो आजार आहे की गोळी सुटल्याचा त्रास, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

ओपीडीत वेळ कमी मिळतो म्हणून कागदावर लिहून न्या. कोणती गोळी, किती एमजी, कधीपासून, काय त्रास होतो (वजन, सुस्ती, हात थरथरणं, सेक्सचं पण लिहा, लाजू नका), आणि फायदा काय झाला तेही लिहा, ते बहुतेक जण विसरतात. "मला गोळ्या नकोत" असं सुरू केलं की समोरचा लेक्चर देतो. त्यापेक्षा विचारा, ही नेमकी कशासाठी आहे, डोस कमी होईल का, आत्ता नाही तर कधी? झोपेची गोळी काही आठवड्यांपुरती सुरू झालेली असते आणि मग चालूच राहते, तिचं आधी विचारा.

रिपोर्ट सोबत हवेत. लिथियमवाल्यांनी लेव्हल (रक्तातलं लिथियमचं प्रमाण), क्रिएटिनिन (किडनीसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), कॅल्शियम. लेव्हलचं रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी द्यायचं, म्हणजे सकाळची गोळी रक्त दिल्यावर. आणि अंग दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, त्याने लेव्हल वाढते. ओलान्झापिनवाल्यांनी (ही भास-भ्रम, मेनियासाठीची गोळी) वजन, शुगर, लिपिड.

कमी करायचं ठरलंच तर एका वेळी एकच गोळी, आणि शेवटचा छोटा डोस सगळ्यात हळू, कारण तिथूनच शून्यावर येणं जड जातं. एसआर (औषध हळूहळू सोडणारी) लिहिलेली गोळी विचारल्याशिवाय तोडू नका. घरात लग्न, परीक्षा, नवी नोकरी असेल तर थांबा, काही पळून जात नाही.

घरातल्या एकाला तुमच्या धोक्याच्या खुणा सांगून ठेवा, उदा. तीन तास झोपून पण फ्रेश वाटणं, रात्रभर ऑनलाइन खरेदी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे आजारी पडल्यावर कसे उपचार हवेत नकोत हे आधी लिहून ठेवता येतं, आपल्या वतीने बोलणारा माणूसही नेमता येतो. मरणाचे विचार यायला लागले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, १४४१६ वर टेलि-मानस ह्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलतात, किंवा सरळ हॉस्पिटल गाठा.

आणि आजाराचे एपिसोड वारंवार आलेले असतील तर डॉक्टर "चालूच ठेवा" म्हणतील, ते बरोबरही असू शकतं. पण कारण विचारा. नुसतं "घ्या हो" म्हणून उडवून लावलं तर फाइल उचला आणि दुसऱ्या सायकियाट्रिस्टला दाखवा, तोपर्यंत गोळ्या चालू.