टोकियोजवळच्या डोंगरातल्या गावात जाऊन हाताने वाशी कागद बनवायचाय? मग असं जा

जपानला फिरायला जाणारे बरेच जण शहरातल्या एखाद्या दुकानात दहा-पंधरा मिनिटांत पोस्टकार्डाएवढा कागद काढतात आणि झाली वाशी (म्हणजे जपानी हातकागद) बघून म्हणतात. तेही वाईट नाही, वेळच नसेल तर तेवढं करा, पण माझं मत विचाराल तर एक अख्खा दिवस काढून जिथे कागदाचं झाड उगवतं त्या गावातच जा, कारण कागद काढणं हा शेवटचा छोटासा भाग असतो आणि खरं काम त्याच्या आधी होतं, नदीच्या पाण्यात, चुलीवर आणि लोकांच्या बोटांत, ते बघितल्याशिवाय हातातल्या कागदाची किंमत कळत नाही.

अशी गावं जपानात बरीच आहेत, फुकुइमधलं एचिझेन, गिफूमधलं मिनो वगैरे, पण टोकियोत उतरलेल्या माणसाला सकाळी जाऊन रात्री परत येता येईल असं ठिकाण म्हणजे साइतामा प्रांतातलं हिगाशी-चिचिबु आणि त्याला लागून असलेलं ओगावा. हिगाशी-चिचिबु हे साइतामात उरलेलं एकमेव खेडं, बाकी सगळी आता शहरं नाहीतर छोटी नगरं झालीत. इथे जो कागद बनतो त्याला होसोकावाशी म्हणतात. हे नाव कोयासान डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या होसोकावा गावावरून आलं, तिथली पद्धत एदोच्या काळात, म्हणजे साधारण सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, इकडे आली, आणि एदो शहर, म्हणजे आजचं टोकियो, जवळ असल्यामुळे व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या वह्यांना हा कागद भरपूर खपायचा. असं सांगतात की आग लागली की दुकानदार वह्या विहिरीत टाकायचे आणि नंतर काढून वाळवल्या की कागद शाबूत असायचा. या भागातला कागद त्याहूनही जुना आहे, नारामधल्या शोसोइन या जुन्या भांडारातल्या 774 सालच्या कागदपत्रांत मुसाशी प्रांताच्या (म्हणजे याच भागाच्या) कागदाचा उल्लेख आहे. 1978 मध्ये जपान सरकारने होसोकावाशीच्या कसबाला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला आणि 2014 मध्ये मिनो आणि सेकिशूच्या कागदाबरोबर ते युनेस्कोच्या यादीत गेलं.

जायचं कसं

टोकियोत इकेबुकुरोला या, तिथून तोबु तोजो लाइन पकडून ओगावामाची स्टेशन, साधारण सव्वा तास लागतो. निशिकासाईत आपली मराठी मंडळी बरीच राहतात, त्यांनी तोझाई लाइनने इइदाबाशीला येऊन युराकुचो लाइनने इकेबुकुरो गाठलं तर सोपं पडतं. फक्त गाडीची पाटी नीट वाचा, या लाइनच्या काही गाड्या कावागोएशीला नाहीतर शिनरिनकोएनला संपतात, मग तिथे उतरून पुढची घ्यावी लागते. ओगावामाचीला उतरलात की हिगाशी-चिचिबुकडे जाणारी बस, ती वीसेक मिनिटांत डोंगराच्या कुशीत वाशी नो सातो नावाच्या जागी सोडते. बस शहरासारखी दर दहा मिनिटांनी येत नाही हे लक्षात ठेवा, त्यामुळे आधी परतीच्या बसची वेळ मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि मगच आत जा. यायला-जायला सुइका किंवा पास्मो हे पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड घ्या, पण खिशात रोख येनही ठेवा, गावाकडे लागतात.

वाशी नो सातो ही एक मिची नो एकी आहे, म्हणजे रस्त्याकाठची थांबायची, खायची, भाजी-कागद विकत घ्यायची जागा. तिथेच एदो काळाच्या शेवटचं कागद बनवणाऱ्या कुटुंबाचं घर आणून उभं केलंय, ते नुसतं वरवर बघून पुढे जाऊ नका, आत हौद कुठे, चूल कुठे, उजेड कुठल्या बाजूने येतो हे सगळं बघा, म्हणजे घरात राहणं आणि कागद बनवणं ही वेगळी कामं नव्हती हे लगेच कळतं.

कधी जायचं

शक्यतो डिसेंबर ते फेब्रुवारी. थंडी वाजते, पण कागदाचा खरा मोसम तोच. कोझो, म्हणजे ज्याच्या सालीचा हा कागद होतो ते झाड, त्याच्या फांद्या पानं गळाली की कापतात (झाड मरत नाही, बुंध्यापासून दरवर्षी नवीन फांद्या फुटतात), मग त्यांच्या मोळ्या मोठ्या भांड्यात वाफवतात आणि गरम असतानाच साल ओढून काढतात. तेव्हा रताळं उकडल्यासारखा गोड वास येतो. इकडचे लोक कोझोला काझु म्हणतात. वाफवायचं काम बघायला मिळणार असेल तर दिवस आधी विचारून घ्या, ते रोज नसतं. उन्हाळ्यात गेलात तरी कागद काढायला मिळतो आणि जुलैत ओगावाचा तानाबाता उत्सव असतो, कागदाच्या सजावटीने रस्ते भरतात, पण कामाचा आत्मा हिवाळ्यातच आहे असं मला मनापासून वाटतं.

बुकिंग

न सांगता जाऊन उभं राहू नका. "कामीसुकी ताइकेन" म्हणजे कागद काढायचा अनुभव आणि "योयाकु" म्हणजे बुकिंग, एवढे दोन शब्द फोनवर किंवा हॉटेलच्या काउंटरवर सांगितले की बाकीचं तेच लोक करून देतात. बुकिंग करताना तीन गोष्टी विचारा: कागद त्याच दिवशी वाळून हातात मिळणार का, नसेल तर पोस्टाने कुठे पाठवणार, आणि पोस्टकार्डाऐवजी मोठा कागद काढायला मिळेल का. मोठा कागद मिळत असेल तर तोच घ्या, चौकटीचं वजन आणि पाण्याचा जोर त्यातच कळतो.

हातात चौकट आली की

अंगठ्या, बांगड्या, घड्याळ सगळं काढून बॅगेत. बाह्या कोपराच्या वर. पाणी चांगलंच गार असतं, आणि ते मुद्दाम गार आहे, त्याचं कारण पुढे सांगतो.

हौदात जे दुधाळ पाणी दिसतं त्यात दोन गोष्टी आहेत, कोझोच्या सालीचे लांब धागे आणि तोरोरो-आओइ नावाच्या झाडाच्या मुळातून निघालेला चिकट रस. हे झाड आपल्या भेंडीच्या कुळातलं, त्यामुळे तो चिकटपणा आपल्या ओळखीचाच आहे. बऱ्याच लोकांना वाटतं हा गोंद आहे आणि त्याने कागद चिकटतो, तसं नाही. त्याचं काम पाणी दाट करायचं, म्हणजे धागे तळाला बसत नाहीत, गुठळ्या होत नाहीत आणि पाणी चाळणीतून सावकाश गळतं, तेवढ्या वेळात तुम्हाला चौकट हलवून धागे एकमेकांत गुंतवता येतात. उष्णतेने हा चिकटपणा जातो, म्हणून पाणी गार आणि म्हणून मोसम हिवाळ्याचा.

चौकटीला केता म्हणतात आणि तिच्यात बसवलेल्या बारीक काड्यांच्या पडद्याला सु. पहिल्यांदा थोडंसं पाणी पटकन घेऊन सगळ्या पडद्यावर पसरवायचं, हा कागदाचा चेहरा, इथे घाई चालते. मग जास्त पाणी घ्यायचं आणि पुढे-मागे हलवायचं, इथे घाई अजिबात नको, खांदे सैल सोडा, मनगटाने झटके देऊ नका, लाट पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट जाऊ द्या, जितके पाहिजे तितके थर चढवा. आणि शेवटी उरलेलं पाणी एका झोकात पलीकडच्या कडेवरून फेकून द्यायचं, त्याच्याबरोबर वर तरंगणारा कचरा आणि गुठळ्याही जातात. हे शेवटचं फेकणं बघायला सोपं वाटतं पण अर्धवट जोर लावला तर लाट परत येते आणि कागदात जाड पट्टा पडतो, तेव्हा फेकायचं ठरवलं की पूर्ण फेका. शिकवणारे तुमच्या हातावर हात ठेवून दाखवतात, तेव्हा आपला जोर सोडून द्या आणि त्यांचा वेग अंगात येऊ द्या. जिथे पाहुण्यांना पान-फुलं घालून जाड कागद काढायला देतात तिथे हे हलवणं फार नसतं, म्हणून सोपं काम झाल्यावर कारागीर आपलं काम कसं करतात ते थोडा वेळ बघू द्या म्हणून विनंती करा.

एक गोष्ट नक्की बघा. कारागीर ओला कागद पडद्यावरून उतरवून सरळ आधीच्या ओल्या कागदावर ठेवतात, मध्ये कापड नाही काही नाही, आणि तरी दुसऱ्या दिवशी दाबून पाणी काढल्यावर एकेक कागद वेगळा सुटतो. हेही त्याच चिकट रसामुळे. त्या ओल्या थप्पीला मात्र बोट लावू नका, दिवसभराची मेहनत असते ती.

वाळवताना काही कागद गरम लोखंडी पत्र्यावर ब्रशने बसवतात, काही लाकडी फळ्यांवर उन्हात. ओगावाकडे लख्ख ऊन पडलं की "पिक्कारी सेनर्यो" म्हणायची पद्धत होती, म्हणजे असा दिवस हजार सोन्याच्या नाण्यांचा.

या सगळ्याच्या आधीचं एक काम असतं ज्याच्याकडे पाहुणे बघतच नाहीत. शिजवलेली साल पाण्यात सोडून तिच्यातले काळे ठिपके, तुटकी टोकं, डाग हाताने एकेक वेचायचे. तासन् तास पाण्यात बोटं घालून बसायचं. मशीन नाही, ब्लीच नाही, कागदाचा पांढरेपणा या बोटांतून येतो. करू देत असतील तर पंधरा मिनिटं बसून वेचा, मी तर म्हणेन चौकट हलवण्यापेक्षाही हे आधी करा.

फोटो काढण्याआधी "शाशिन तोत्ते मो ई देस का" विचारा, बहुतेक हो म्हणतात, पण कामाच्या मध्ये उभे राहू नका.

खाणं

तिथे सोबा-उदोन, म्हणजे रश्श्यातल्या जपानी शेवया, मिळतात. शाकाहारी असाल तर नुसतं "भाजीचं द्या" म्हणून भागत नाही, रश्श्यातच मासा असतो, कात्सुओबुशी म्हणतात तो वाळवलेला. दशम्या, चिवडा सोबत असू द्या. ओगावात सेंद्रिय शेती बरीच जुनी आहे, त्यामुळे भाज्या छान मिळतात, वेळ असेल तर परतताना गावात एक फेरी मारा.

कागद विकत घेताना

आधी उजेडाकडे धरून बघा, लांब धागे एकमेकांत गुंतलेले दिसले पाहिजेत. मग विचारा "कोकुसान कोझो" का, म्हणजे जपानात वाढलेल्या कोझोचा का. खरी होसोकावाशी फक्त त्याचीच असते, त्यामुळे महाग असते, आणि शेजारी ठेवलेला स्वस्त कागद लाकडाचा लगदा मिसळलेला किंवा परदेशातून आणलेल्या सालीचा असू शकतो, तोही वापरायला चांगला पण दोन्ही एक नाहीत. होसोकावाशीचा रंग किंचित पिवळसर असतो आणि घासला तरी त्याचे धागे फारसे वर येत नाहीत. आपल्याकडे पुण्यातला हातकागद किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा कागद हाताळला असेल तर फरक लगेच जाणवेल, आपला बहुतेक कापसाच्या चिंध्यांचा, जाड आणि मऊ, हा सालीचा, पातळ आणि चिवट. पातळ होसोकावाशीचा आकाशकंदील फार सुंदर होतो, त्यासाठी दोन-चार मोठे कागद जास्तच घ्या. घडी घालू नका, गुंडाळी करून पुठ्ठ्याच्या नळीत ठेवा, नळी दुकानातच मागा, आणि विमानात ती चेक-इन बॅगेत न टाकता हातात घ्या.